विशेषणे काढून उरलेले कापरेकर

मराठीत शास्त्रज्ञाचे चरित्र लिहायला शास्त्र कळावे लागत नाही. जन्म गरीब पण सुसंस्कृत घरात, बुद्धी लहानपणापासून कुशाग्र, राहणी साधी, स्वभाव ऋषितुल्य. मध्ये एका ओळीत 'मोलाचे संशोधन' आणि शेवटी महाराष्ट्राची उंचावलेली मान. नाव बदलले की हाच मजकूर गणितज्ञाला चालतो, वनस्पतिशास्त्रज्ञाला चालतो आणि वेळ आली तर किराणा व्यापारी संघाच्या अध्यक्षांनाही.

म्हणून विकिपीडियावर गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांसारख्यांची नोंद सुधारायला बसले की पहिले काम पाखडण्याचे. 'थोर' काढायचे. 'जगद्विख्यात' काढायचे. 'अवलिया' काढताना जिवावर येते, तरी काढायचे. एवढे झाले की नोंद निम्मी होते आणि आता खरेच काहीतरी लिहावे लागणार, या विचाराने घाम फुटतो.

लिहिण्यासारखे भरपूर आहे. जन्म १९०५, डहाणूचा. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्यामुळे आकडेमोड घरचीच. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक. पुढे १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. तरी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ हा आकडा मांडला.

इथे 'मोलाचे संशोधन' म्हणून पुढे सरकणे हा गुन्हाच. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा. येईल त्या उत्तराचे पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि तिथून हलत नाही. कापरेकरांचेच जन्मवर्ष घ्या: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पूर्ण सात पायऱ्या! ते वारले १९८६ साली. त्या आकड्याला सहाच पुरतात.

शिवाय १९०५ च्या अंकांची बेरीज १५, आणि १५ ने १९०५ ला नेमका भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनीच 'हर्षद' नाव दिले. म्हणजे गृहस्थ जन्मले तेच हर्षद सालात. वडिलांना हे सांगायला हवे होते. पत्रिकेत एक ओळ वाढली असती.

पण नोंदीत ते घालता येत नाही. ज्ञानकोशाचा नियम असा की स्वतःचे संशोधन चालणार नाही. दुसऱ्या कुणी आधी छापलेले हवे. नियम योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक शास्त्रज्ञाचा मेहुणा संपादक होईल. तरीही ज्या माणसाने जन्मभर पेन्सिलीने स्वतःचेच संशोधन केले, त्याच्या नोंदीत दोन वजाबाक्यांपुढे 'संदर्भ हवा' लागलेले पाहून हसू येते.

संदर्भही उशिराच मिळाले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.

एक मोह मात्र सोडू नये. दारुड्याला जशी दारू, तसे मला आकडे, असे कापरेकर स्वतःच म्हणत. 'ऋषितुल्य'वाल्या संपादकांना हे वाक्य खुपते. माझ्या मते सगळी विशेषणे गेली तरी हे राहिले पाहिजे. डोंबिवली स्टेशनावरून नाव पडलेल्या त्यांच्या डेमलो संख्याही राहू द्याव्यात. तिथल्या गर्दीत कुणाला गणित सुचले, याची नोंद कुठेतरी हवीच.

कापरेकरांनी आपले बरेचसे काम लहान लहान पुस्तिकांतून खासगीरीत्या छापले. तुमच्याकडे, आजोबांच्या कपाटात किंवा गावच्या वाचनालयात त्यांतली एखादी असेल, तर रद्दीत घालू नका. तिचे नाव, साल आणि पान क्रमांक नोंदीत घाला. कौतुक करायचे राहिले तरी चालेल.