ओकायामाचा फरास

माळव्यातील मराठी माणसाच्या मनात कामांची वाटणी अद्याप जुन्या दफ्तराप्रमाणेच झालेली आहे. धार-देवासच्या पवारांची आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली, फडणीस, चिटणीस, पोतनीस हे हुद्दे नुसती आडनावे होऊन राहिले. परंतु झाडणाराने झाडावे, लिहिणाराने लिहावे आणि वरच्याने दोघांवर ओरडावे, हा शिरस्ता आमच्या मनावरसारख्या तहसिलीच्या गावी सिमेंटचा कारखाना येऊनही तसूभर ढळला नाही. त्या शिरस्त्यात वाढलेला एक इसम विनिमय-विद्यार्थी म्हणून जपानातील एका शाळेत दाखल झाला. तो इसम म्हणजे प्रस्तुत लेखक.

जपानच्या शिक्षण खात्याने २०१८ साली आशियातील शाळकरी मुलांसाठी ‘काकेहाशी’ नावाची योजना काढली; पाच वर्षांत एक हजार मुले तेथे न्यावयाची असा संकल्प होता, आणि एवढ्या मोठ्या आकड्यात मनावरचाही एक मनुष्य खपून गेला. नेमणूक ओकायामा शहरी झाली. पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचले आहे, ती मूळ बाग याच शहरात असल्यामुळे आमची पुण्याची मावशी ओकायामाला कोथरूडच्या पलीकडचे उपनगर समजते, आणि दर रविवारी येऊन जाण्याचा आग्रह करते.

शाळेच्या दाराशीच पहिली जप्ती होते ती पादत्राणांची. बाहेरचे बूट नावाच्या खणात जमा करावयाचे आणि ‘उवाबाकी’ नामक आतले बूट चढवावयाचे. त्यांच्या चवड्याच्या रंगावरून मनुष्य कोणत्या वर्षाचा, हे चेहरा न पाहताही कळते. व्यायामशाळेचे बूट निराळे आणि शौचालयाच्या सपाता त्याहून निराळ्या. आमच्या आजीचे सोवळे याच्यापुढे अगदीच ढिले म्हटले पाहिजे.

तास सुरू होताना आणि संपताना ‘निच्चोकु’ म्हणजे त्या दिवसाचा पाळीवाला ‘किरित्सु’ अशी ललकारी देतो. सर्व वर्ग उठतो, ‘रेइ’ म्हणताच वाकतो, ‘चाकुसेकी’ म्हणताच बसतो. चोपदाराचे हे काम उरकले की त्याच मनुष्याने फळा पुसावयाचा, आणि सायंकाळी कारकून होऊन वर्गाचा रोजनामा लिहावयाचा: कोण गैरहजर, कोणत्या तासाला काय शिकविले, आणि शेवटी दिवसाविषयी स्वतःचा अभिप्राय. माझी पाळी आली तेव्हा मला लिहिता येणाऱ्या जपानी शब्दांत पाऊस आणि भात या दोनच गोष्टी बसत होत्या. सबब त्या दिवशी, बाहेर रखरखीत ऊन असताना, दफ्तरी पाऊस पडल्याची नोंद झाली. वर्गशिक्षकांनी तिच्यावर लाल शाईने शिक्कामोर्तब केले, म्हणून ती आता खरीच मानली पाहिजे.

परंतु ज्या प्रसंगाने माझ्या संस्थानी संस्कारांचा पाया हादरला तो दुपारचा होता. अभ्यास संपल्यावर ध्वनिक्षेपकावर एक मंजुळ सूर लागला. तो निरोपाचा समजून मी दप्तर उचलले, तो आसपासच्या मंडळींनी खुर्च्या बाकांवर उलट्या पालथ्या घालून बाके मागे लोटली, आणि कोणी झाडू, कोणी बादली, कोणी ‘झोकिन’ म्हणजे ओले फडके घेऊन ज्याच्या त्याच्या कामगिरीवर रुजू झाला. यादीत माझे नाव दुसऱ्या मजल्याच्या पडवीसमोर होते. फडके दोन्ही तळहातांखाली धरावयाचे, कंबर आकाशाकडे करावयाची आणि त्या अवस्थेत पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावावयाचे, असा तेथील विधी आहे. शेजारी गणिताचे गुरुजी जिना झाडीत होते, आणि त्यांच्या मुद्रेवर अपमानाचे चिन्ह म्हणून नव्हते. त्यामुळे तक्रार कोणाकडे गुदरावी हाच प्रश्न पडला. तेव्हा मला आमचे पुढारी आठवले. जपानच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून महर्षी कर्व्यांना आपल्या विद्यापीठाची प्रेरणा मिळाली आणि ते १९१६ साली स्थापनही झाले. जपानात काचेचे काम शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेयांच्या हातून तळेगावी पैसा फंडाचा कारखाना उभा राहिला. तेथून विद्यापीठ आले, काच आली, फडके तेवढे मागे राहिले. आमच्या पुढाऱ्यांच्या चाणाक्षपणाविषयी माझा आदर त्या दुपारी शतगुणित झाला.

ही हकीकत दूरध्वनीवरून घरी कळविली. आजीने शांतपणे विचारले, “त्या लोकांना बाई मिळत नाही का रे?” बाबा म्हणाले, “आल्यावर इकडची गच्ची आहेच.”

भोजनाविषयी फार लिहीत नाही. आमच्या यजमानीणबाई प्रेमळ होत्या, आणि डब्यातील भाजीत मासा नाही असे त्या निक्षून सांगत. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मासा वाळवून, लाकडाइतका कठीण करून, रंध्यावर किसून, त्याच्या अर्कात भाजी शिजविल्यानंतर तो गाळून टाकलेला असे.

शाळा सुटल्यावर प्रत्येकास एखाद्या मंडळात जावे लागे. मी धनुर्विद्येचे, म्हणजे ‘क्यूदो’चे मंडळ निवडले, यात थोडा अहंकार होता. मनावरच्या आसपासच्या पाड्यांतील भिल्लांची पोरे चालू लागली की तीरकामठा धरतात, भगोऱ्याच्या बाजारात आम्हीही तो हाताळलेला. तेव्हा अठ्ठावीस मीटरांवरच्या छत्तीस सेंटिमीटर रुंदीच्या लक्ष्याची मला क्षिती वाटली नाही. परंतु तेथे ‘सेम्पाइ’ म्हणजे वरच्या वर्गातील मंडळींचा अंमल चालतो, आणि नवख्याने आधी धनुर्गृहाची लाकडी जमीन पुसावयाची असते. फडके मला आता ओळखत होते. जमीन पुसून झाल्यावर वाळूत रुतलेले इतरांचे बाण वेचावयाचे, ते पुसून द्यावयाचे, आणि कोपऱ्यात उभे राहून, हातात काहीही नसताना, शरसंधानाच्या आठ पायऱ्यांचा अभिनय करावयाचा. असे कित्येक आठवडे गेले. अखेर एके सायंकाळी मुख्य सेम्पाइने मला पाचारण केले, सर्व मंडळ अदबीने उभे राहिले, मी यथाविधि वाकलो, आणि त्याने दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केले एक आखूड दांडके, ज्याला रबराचा पट्टा बांधलेला होता. खऱ्या धनुष्याची लांबी सात फुटांच्या वर असते. ते कोठे ठेवतात, हे मला पक्के ठाऊक होते. त्या कपाटाखालची धूळ रोज मीच काढीत असे.