तारे आणा, निधी उभारा: नवख्या कार्यकर्त्यांसाठी

सर्वप्रथम संकट निवडावे. ते लांबचे असलेले बरे. जवळच्या संकटात अडचण अशी, की संकटग्रस्त माणूस स्वतःच कार्यक्रमाला येऊन बसतो आणि मध्यंतरात चहाच्या रांगेत विचारतो, "त्या पैशांचं काय झालं हो?" आपल्या जिल्ह्यातले तिवऱ्याचे धरण २०१९ च्या जुलैत फुटले, चिपळूण २०२१ च्या जुलैत पुरात बुडाले. त्या वेळच्या निधींचा हिशोब विचारणारा माणूस सकाळची एसटी पकडून दुपारच्या जेवणाआधी आपल्या रत्नागिरीत हजर होतो. सुदानचा किंवा तुर्कस्तानचा माणूस असा येत नाही. परदेशी मदतीचा हा मोठा फायदा. धोकाही नेमका तोच, पण तो नवख्याला सुरुवातीला सांगू नये, उत्साह जातो.

मग समिती. समितीत अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष आणि निमंत्रक असे चौघे असावेत आणि खजिनदार एकच असावा. खजिनदार शक्यतो सभेला न बोलणारा, पण पावतीपुस्तकातल्या स्थळप्रतींचे नंबर पाठ असणारा हवा. असा माणूस प्रत्येक आळीत एक असतो आणि तो "मला यात ओढू नका" म्हणतो. त्यालाच ओढावे.

आता तारा. मालिकेतला चालेल का सिनेमातलाच हवा, यावर समितीच्या तीन बैठका होतात. मालिकेतला स्वस्त आणि ओळखीचा, त्याला बघायला बायामाणसे गर्दी करतात. सिनेमातल्याचे नाव मोठे, पण तो आदल्या रात्री कळवतो. तारा मानधन घेत नाही, हे निवेदकाने तीनदा सांगावे. ते खरेच असते. मात्र त्याच्याबरोबर मॅनेजर, मेकअपवाला, अंगरक्षक आणि मॅनेजरचा एक मित्र येतो, आणि त्यांचे राहणे-खाणे 'किरकोळ' या सदरात पडते. कार्यक्रम मे महिन्यात असल्यास हापूसच्या पेट्या धराव्यात. पेटी दिल्याशिवाय पाहुण्याला रत्नागिरीबाहेर पडू देणे आपल्याला जमत नाही, आणि कुठल्या बागेची, कितव्या तोडीची, हे सांगायला समितीतला एक सदस्य गाडीपर्यंत जातोच.

नाट्यगृह गावातले सावरकर नाट्यगृहच घ्यायचे, त्यात चर्चा नाही. समजा, देणगी प्रवेशिका ५०० रुपयांची ठेवली. पहिल्या चार रांगा सन्मानिकांच्या: अधिकारी, नगरसेवक, जाहिरातदार, जाहिरातदारांचे व्याही. पाचव्या रांगेपासून पैसे भरलेले लोक. म्हणजे ज्या निवृत्त शिक्षकाने स्वतःचे आणि बायकोचे मिळून हजार रुपये परक्या देशातल्या भुकेल्या पोरांसाठी दिले, तो अडीच तास चार रांगांची डोकी बघतो. तरी तो चिडत नाही, हे लक्षात घ्या. त्याला तारा बघायचा नव्हता. त्याला पैसे द्यायचे होते आणि कोणाकडे द्यायचे ते कळत नव्हते. तारा आला म्हणून त्याला पत्ता मिळाला.

ताऱ्याची खरी किंमत एवढीच, आणि ती कमी नाही. ती कशी वापरावी यासाठी पुढचा धडा नीट वाचावा.

१९७१ च्या उन्हाळ्यात पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात येत होते. रविशंकरांचे वडिलोपार्जित मूळ त्या बाजूच्या जेसोरचे. ते आपल्या मित्राकडे, बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनकडे गेले. १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. सुरुवात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी केली. वाद्ये लावून झाली आणि सगळे सभागृह टाळ्यांनी दणाणले. श्रोत्यांना वाटले, हेच वादन. रविशंकरांनी आभार मानून म्हटले, की जुळवणी एवढी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. मदतनिधीच्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा प्रसंग टिपून ठेवावा. आपल्याकडे तर पुष्कळ निधी वाद्ये लावून झाल्यावर, टाळ्यांवरच, बंद होतात.

त्या दोन कार्यक्रमांच्या तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला लगेच मिळाले. खरा पैसा पुढे ध्वनिमुद्रिकांतून आणि चित्रपटातून आला, आणि तिथेच गाडी रुतली. कार्यक्रमाआधी करमाफीची कागदपत्रे कोणी केलीच नव्हती. अमेरिकेच्या कर खात्याने रक्कम अडकवली आणि त्यातले लाखो डॉलर वर्षानुवर्षे अडकून राहिले. त्याच वर्षी डिसेंबरात बांगलादेश स्वतंत्र झाला, निर्वासित घरी परतले, १९७४ चा दुष्काळ येऊन गेला. अडकलेला पैसा मात्र अमेरिकेतच. त्या व्यासपीठावर जगातले एकाहून एक गुणी वादक होते. एक बऱ्यापैकी सनदी लेखापाल नव्हता.

यावरून 'तारे काही कामाचे नाहीत' असा निष्कर्ष काढणारे लोक चहाच्या टपरीवर भेटतात. त्यांनी स्वतः कधी दहा रुपये दिलेले नसतात. बांगलादेश हे नाव अमेरिकेतल्या तरुणांच्या तोंडी आले ते त्या दिवसामुळे. ते काम दुसऱ्या कोणाला जमले नसते. ताऱ्याचे काम दार उघडण्याचे, पुढचा जिना आपण चढायचा.

जिना चढलेल्यांची उदाहरणे लांब शोधायला नकोत. लोकमान्य टिळक जन्मले याच रत्नागिरीत, २३ जुलै १८५६ ला. साठाव्या वाढदिवशी लोकांनी त्यांना लाखाची थैली दिली आणि ती त्यांनी राष्ट्रकार्याला देऊन टाकली. त्याआधीचा पैसा फंड तर नवख्यांनी पाठ करावा. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा. पाठबळ टिळकांचे, पायपीट अंताजी दामोदर काळ्यांची. त्यातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. पैसा फंडाचे नाव आपल्या संगमेश्वरच्या शाळेला आजही आहे. काळ्यांचा फोटो किती घरांत आहे? निधी उभा करणाऱ्याची जागा तीच असते. ती मान्य नसेल तर सांस्कृतिक महोत्सव भरवावा.

दुसरे उदाहरण डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांचे. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यांनी अत्र्यांचे 'लग्नाची बेडी' हे नाटक करायला घेतले. तनुजासारखी तारका बरोबर, गावोगाव प्रयोग. जमलेला पैसा त्यांनी लगेच वाटून टाकला नाही, गुंतवला, आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्यांना दरमहा मानधन सुरू केले. व्याजाचा फोटो निघत नाही. म्हणून ही पद्धत फारशी कोणी उचलली नाही, आणि म्हणूनच मी ती सगळ्यात वर ठेवतो.

परदेशी मदतीचा आपला जुना धडाही आहे. जपानशी झुंजणाऱ्या चीनचे सेनानी जू द यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधे मागितली. काय हवे ते त्यांनीच सांगितले होते, आपण ठरवले नव्हते. हे अधोरेखित करावे. काँग्रेस अध्यक्ष सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केले, निधी जमला, आणि पाच डॉक्टरांचे पथक १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्यांच्यावरचा व्ही. शांतारामांचा चित्रपट आला १९४६ मध्ये. म्हणजे आधी काम, मग कॅमेरा. हल्ली क्रम उलटा आहे, त्यामुळे काम बऱ्याचदा राहून जाते.

कॅमेऱ्याबद्दल थोडे. १९८४ मध्ये ब्रिटिश आणि आयरिश गायकांनी इथिओपियाच्या दुष्काळासाठी जे गाणे केले त्याच्या नावातच प्रश्न होता, की त्या लोकांना नाताळ आला हे माहीत तरी आहे का. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे. पैसे भरपूर जमले, पण कोणाला विचारले नव्हते. 'कॉमिक रिलीफ' या ब्रिटिश संस्थेला तर आफ्रिकी बाळ कडेवर घेतलेल्या गोऱ्या तारकेच्या छायाचित्रावरून २०१९ मध्ये इतके बोल लागले, की पुढच्याच वर्षी तारे आफ्रिकेत धाडणे बंद करत असल्याचे संस्थेने जाहीर केले. आपण हसायचे कारण नाही. त्याच २०१९ मध्ये पुराच्या वेळी इचलकरंजीत धान्याच्या पाकिटांवर नेत्यांच्या फोटोंची स्टिकरे चिकटवली होती. चिपळूणच्या पुरानंतर चिखलाने फुगलेल्या वह्या उन्हात घालणाऱ्या दुकानदाराला पाहुण्यांसाठी पुन्हा त्याच वह्या हातात धरून उभे राहावे लागणे म्हणजे काय, ते बाजारपेठेत विचारा. दूरच्या देशातल्या बाईलाही तसेच वाटत असणार. तिचा फोटो फलकावर लावण्याआधी तो आपल्या आत्याचा असता तर लावला असता का, एवढे पाहावे.

जुने कपडे घेऊ नयेत. यावर परिच्छेद लिहायचा होता, पण पुरानंतर रस्त्याकडेला पडलेले साड्यांचे आणि एका पायाच्या बुटांचे ढीग ज्यांनी पाहिलेत त्यांना गरज नाही, आणि ज्यांनी नाहीत ते तरी गोण्या भरून आणणारच.

चिपळूणचे आणखी एक सांगतो. पूर ओसरला तेव्हा तारे-तारकांचे व्हिडिओ आले, ट्रक आले, बिस्किटे आली. वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ मात्र तिथेच. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूणकरांनी बचाव समिती करून साखळी उपोषण मांडले, तेव्हा गाळाकडे लक्ष गेले. पुढे नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांच्या 'नाम' संस्थेने गाळ काढायला यंत्रे लावली. त्यांचे नाव मोठे होते म्हणून गाळाचीही बातमी झाली. तारा असा वापरावा: लोकांनी आधी जागा दाखवावी, त्याने मागून येऊन वजन टाकावे.

शेवटी कागद. नाट्यगृहाची तारीख घेण्याआधी हे वाचले असते तर बरे झाले असते, पण मार्गदर्शिकेत कायदा शेवटीच असतो. नोंदणी नसलेल्या समितीने लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी काढतात तीच. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर प्राप्तिकर खात्याकडे तशी नोंदणी असलेली संस्था लागते आणि २,००० रुपयांवर रोख दिलेल्या देणगीला ती सवलत नाही. भारतातल्या न्यासाने देशाबाहेर केलेल्या खर्चाला प्राप्तिकराची सूट केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मान्यतेशिवाय धरली जात नाही. म्हणून आपण परस्पर सुदानला पैसे पाठवायच्या भानगडीत न पडता तिथे आधीपासून काम करणारी, आपल्याकडे रीतसर नोंदलेली संस्था गाठावी, तिला काय हवे ते लेखी विचारावे आणि तिची पावती फलकावर लावावी. ताऱ्याच्या फोटोएवढ्याच आकारात.

नाट्यगृहाचे आरक्षण, ताऱ्याची तारीख आणि आंब्याच्या पेट्या यांतले काहीही ठरवण्याआधी ४१ कचा अर्ज द्यावा. तो कार्यक्रमाच्या आधी द्यायचा असतो.