मायग्रेशन सर्टिफिकेट यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान मायग्रेशन सर्टिफिकेट साहेब,
मुक्काम विद्यापीठाची खिडकी (जेवणाची सुट्टी वगळून).

विषय: शहागड, ता. अंबड, जि. जालना येथील अर्जदारास विद्यापीठ बदलू देण्याबाबत. आणि ते होणार नसेल तर निदान तसं कळवण्याबाबत.

महोदय,

अर्जदार बी.ए. पहिलं वर्ष पास आहे. एकही विषय राहिलेला नाही. थोरल्या भावाला चाकणला कंपनीत काम लागलं, त्याने खोली घेतली, म्हणून धाकट्याचं दुसरं वर्ष पुण्यात करावं असं घरात ठरलं. ठरायला एक संध्याकाळ पुरली. पुढचं सगळं आपल्या हाती असल्याने त्याबद्दल घरात कोणी काही बोलत नाही.

आपला अधिकार कुठून कुठवर चालतो, हे शहागडच्या माणसाला नकाशावरून चांगलं समजतं. गावाजवळचा गोदावरीचा पूल ओलांडला की गेवराई तालुका, म्हणजे बीड जिल्हा. कलेक्टर बदलला, एसपी बदलले, पण विद्यापीठ तेच: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. इथे आपली गरज नाही. मात्र याच जालना जिल्ह्यातल्या परतूरहून रेल्वेत बसून शेजारच्या सेलूला उतरलं, की परभणी जिल्हा आणि नांदेडचं विद्यापीठ. तिथे आपण हवेच. पैठणहून शेवगावला गेलं तर पुणे विद्यापीठ, म्हणजे तिथेही हवेच. गोदावरीला जे जमलं नाही ते आपल्याला जमलं, साहेब. तिच्यावर पूल तरी बांधता आला.

शिवाय ही हद्द काही ब्रह्मदेवाने आखलेली नाही. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी वेगळं झालं. त्याआधी सेलूचा आणि परतूरचा विद्यार्थी एकाच शिक्क्याचा होता. त्याच्याही मागे गेलं तर मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं 23 ऑगस्ट 1958 रोजी. तोवर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा अंमल. औरंगाबादचं सरकारी कॉलेज 1923 पासून त्याच विद्यापीठाचं. 1956 च्या नोव्हेंबरात राज्यं नव्याने आखली गेली, मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि दोन वर्षांत अख्खा प्रदेशच एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेला. एवढ्या मोठ्या बदलीला कायदा पुरला. एकट्या अर्जदाराला मात्र टी.सी. लागते, ना हरकत लागते, गुणपत्रकाच्या ट्रू कॉप्या लागतात आणि वर आपण लागता.

आता आपल्या धाकट्या, हुशार भावंडाविषयी. 2021 च्या जुलैत केंद्राने 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' उघडली. कल्पना खरोखर चांगली आहे, हे उपरोध बाजूला ठेवून सांगायला हवं. विद्यार्थ्याने एका ठिकाणी कमावलेली क्रेडिट्स बँकेत जमा राहावीत आणि दुसऱ्या ठिकाणी वापरता यावीत. ती सात वर्षांपर्यंत टिकतात. अर्जदाराकडे बँकेचा बारा आकडी क्रमांक आहे. कॉलेजने तो वर्गात उभं राहून काढून घेतला होता. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, तेव्हापासून पहिल्या वर्षाची 40 ते 44 क्रेडिट्स मोजून मिळतात. अर्जदाराचीही मिळाली.

पण बँकेत पैसे असणं आणि ते दुकानदाराने घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुख्य विषय जुळतो, त्याला कोणी नाही म्हणत नाही. घोडं अडतं ते मुक्त निवडीच्या विषयावर, कौशल्याच्या विषयावर, मूल्यशिक्षणाच्या दोन क्रेडिटवर. इकडच्या कॉलेजात जो विषय शिकवायला माणूस होता तो घेतला. तिकडच्या यादीत तो नाही. मग समकक्षता पाहायची. ती पाहायला समिती. समितीला बैठक. आणि बैठकीला तारीख, जी अजून पडायची आहे.

तोवर अर्जदाराचं काय करायचं, यावर व्यवस्थेने फार सुंदर तोड काढली आहे: तात्पुरता प्रवेश. अट एवढीच की ठरलेल्या मुदतीत आपण, म्हणजे मायग्रेशन साहेबांनी, हजर व्हावं. आपण मात्र मूळ टी.सी. दिल्याशिवाय खिडकीबाहेर येत नाही. टी.सी. काढली की जुन्या कॉलेजातलं नाव कमी होतं. म्हणजे नव्या ठिकाणी पक्कं व्हायच्या आधी जुन्या ठिकाणावर पाणी सोडायचं. समितीने उद्या नाही म्हटलं, तर अर्जदार कुठलाच नाही. ही जोखीम घ्यायला शेअर बाजारातला माणूस घाबरेल. आपण ती एकोणीस वर्षांच्या पोराकडून शंभर शब्दांच्या हमीपत्रावर घेता.

ज्यांचं नाव अर्जदाराच्या विद्यापीठाला आहे, त्यांचाही अभ्यास असाच मध्येच तुटला होता, हे या निमित्ताने आठवतं. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियाला गेले आणि 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, परतावं लागलं. जगात महायुद्ध चालू होतं. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी दिली. ते मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पैसे साठवले, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली, 1920 मध्ये परत गेले. 1921 मध्ये एम.एस्सी., 1923 मध्ये डी.एस्सी. तेव्हा क्रेडिटची बँक नव्हती, डिजिलॉकर नव्हतं, ओटीपी नव्हता. फक्त एक मुदत होती, आणि ती विद्यार्थ्याला आधी सांगितलेली होती.

अर्जदाराचं मागणं यापेक्षा लहान आहे. समकक्षतेचा निर्णय कधी लागेल ती तारीख अर्ज भरतानाच पावतीवर छापावी. नकार असेल तर तो कुठल्या विषयामुळे, तेवढं एका ओळीत लिहावं, म्हणजे तो विषय नव्या ठिकाणी जादा पेपर म्हणून देता येईल. निर्णय येईपर्यंत जुनं नाव कमी करू नये. सध्या पोर्टलवर 'पेंडिंग' हा एकच शब्द दिसतो. तो अर्जदाराच्या आईलाही आता वाचता येतो, आणि रोज सकाळी ती त्याचा अर्थ विचारते.

कळावे,
अर्जदाराच्या वतीने.

ता.क.: एप्रिल 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या शिकायला परवानगी दिली आहे, दोन वेगवेगळ्या विद्यापीठांत असल्या तरी. दोन्ही ठिकाणी वर्गात बसायचं असेल तर तासांच्या वेळा एकमेकांवर येऊ नयेत, एवढीच अट. म्हणजे अर्जदाराने एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जाणं कठीण, पण दोन्हीकडे एकदम असणं नियमात बसतं. पुण्याची सकाळची आणि इकडची दुपारची तासिका जुळवता येईल का, याची चौकशी त्याने शहागडच्या बसथांब्यावर केली आहे. कंडक्टरने तिकीट फाडलं नाही, पण अर्ज पेंडिंगही ठेवला नाही. जागेवर नाही म्हणून सांगितलं.