एका कान्याचा फरक

जठार आणि जठर यांत एका कान्याचाच फरक आहे, आणि तो कानाही अकोल्यातल्या आमच्या जठारपेठेनं अलीकडे गिळला आहे. पूर्वी चौकात दोघं भेटले की "नळ आले का?" असं विचारायचे. आता पोट्टे एकमेकांना "किती ग्रॅम झाले?" म्हणून विचारतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सोनं घेऊन राह्यले.

आमचा पुतण्या त्यांतलाच. वजन 58 किलो, तेही खिशातल्या मोबाइलसकट. जिममधल्या सरांनी त्याला रोज 128 ग्रॅम प्रोटीन सांगितलं. आकडा इतका नेमका की मला संशय आला. शोधलं तर अमेरिकेतल्या जिमांचा जुना ठोकताळा निघाला: वजनाच्या एका पौंडाला एक ग्रॅम. 58 किलोचे पौंड होतात 128. सात समुद्र ओलांडून हा हिशेब जठारपेठेत उतरला, आणि वाटेत त्याला कोणी आधार कार्डही मागितलं नाही.

"काका, मसल तुटते न, मंग ते भरा लागते."

"भर न बावा. पण कायनं?"

"व्हेनं."

दोन किलोचा डबा आला. त्यावरच्या माणसाचा दंड वहिनींच्या कळशीएवढा. 2024-25 साली सरकारनं सोयाबीनला क्विंटलमागे 4,892 रुपये हमीभाव जाहीर केला होता. डबा त्याच्यावर गेला. डब्यात प्रोटीन दीड किलोच्या आसपास, आणि क्विंटलभर सोयाबीनमध्ये छत्तीसेक किलो. म्हणजे वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं छत्तीस किलो प्रोटीन विकायचं आणि त्या पैशात त्याच्या पोरानं दीड किलोही आणू नये. याला शहरात फिटनेस म्हणतात.

वहिनींनी डबा उलटापालटा करून पाहिला. "भाऊजी, हे व्हे म्हंजे काय असते?"

सांगितलं, की दूध नासवून चीज करतात, त्यातून जे पिवळसर पाणी सुटतं ते गाळून वाळवतात.

"म्हंजे चक्का टांगला की खाली गंजात पडते ते? ते तं मी कणकीत घालतो!"

पुतण्या दोन दिवस वहिनींशी बोलला नाही.

आता शास्त्राचंही ऐकू, नाहीतर काका जुन्या वळणाचे ठरतात. वजनं उचलणाऱ्याला साध्या माणसापेक्षा जास्त प्रोटीन लागतं, यात वाद नाही. साध्या माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. उचलणाऱ्यांचं पाहायचं तर 2018 साली 49 प्रयोग आणि 1,863 माणसं एकत्र मांडून एक मोठा आढावा निघाला. त्यात दिसलं की किलोमागे साधारण 1.6 ग्रॅमच्या पुढं प्रोटीन चढवून स्नायूंत काही भर पडत नाही. त्याहून गमतीचं हे, की व्यायाम सगळेच करत होते, आणि जादा प्रोटीन घेणाऱ्यांना त्या जादापायी मिळालेलं मांस सरासरी 300 ग्रॅम. सव्वा पाव वांगी! बाकीची सगळी मेहनत लोखंडाची.

तर पुतण्याचे 58 गुणिले 1.6 म्हणजे 93 ग्रॅम. मी वहीत मांडलं. दोन ग्लास दूध, 13. चार अंडी, 25 (त्यांचा गंज वेगळा, आणि गुरुवारी तो गंज दिसतही नाही). दोन वाट्या घट्ट वरण, 13. ज्वारीच्या तीन भाकरी, 18. मूठभर शेंगदाणे, 8. सोयाबीनच्या पन्नास ग्रॅम वड्या, 26. बेरीज 103. सगळं कोपऱ्यावरच्या किराण्यातलं. वरून भाकरीत जे कमी पडतं ते वरण भरून काढतं, ही सोय आपल्या आज्यांनी लेबल न लावता केलेली आहे.

"पण काका, वरणानं कटिंग नाही येत."

ज्या अकोल्यात डाळ मिलांची रांग लागली आहे, त्या गावचं पोट्टं हे बोललं. मिलमधला हमाल दिवसभर तुरीचे कट्टे पाठीवर वाहतो, त्याला कोणी सेट आणि रेप विचारत नाही. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडवाले अनवाणी राजेश्वराला येतात, तेव्हा खांद्यावरच्या भरण्यांचं वजन कोणी पौंडात करत नाही. आणि शेजारच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, 1914 चं. त्यांच्या पथकानं 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायाम करून दाखवले. फळीवर डबे रचायची रीत तेव्हा निघायची होती.

हे सगळं मी पुतण्याला ऐकवलं. त्यानं कानात बोंडं घातली होती, हे नंतर कळलं.

वही उघडीच होती म्हणून वहिनी म्हणाल्या, "माहंबी मांडा न भाऊजी." घरात इतके दिवस ग्रॅम ग्रॅम चाललं, पण हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता, मलाही नाही. वजन 62. लोखंड उचलत नाहीत असं धरून 0.83 नं 51 ग्रॅम.

मग आदल्या दिवसाचं जेवण आठवायला लागलो. सगळ्यांच्या मागून चार पोळ्या. भात. भाजी होती तेवढी. वरण तळाशी राहिलेलं, अर्धी वाटी. शेंगदाण्याची चटणी. दोन वेळा चहा.

"दूध?"

"ते त्याच्या शेकमध्ये गेलं."

"अंडं?"

"चारच होते न."

बेरीज 31 आली. वहिनींनी वही मिटली आणि बादल्या घासायला घेतल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, नळ खाली आहे, आणि उद्या नळाचा दिवस आहे.