न बुडणारं बदक

जानेवारीत न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने घरात बसून हुरड्याच्या आठवणी काढाव्यात. मी मात्र नवी लेन्स गळ्यात अडकवून बार्नेगटच्या दीपगृहापाशी गेलो. हिवाळ्यात तिथे हार्लेक्विन बदकं उतरतात.

उन्हाळ्यात हे पाखरू क्वेबेक-लॅब्राडॉरकडच्या खळाळत्या नद्यांवर घर करतं आणि थंडीत खडकाळ समुद्र शोधतं. इथला किनारा सगळा वाळूचा. त्यामुळे माणसाने समुद्रात घातलेला दगडी बांधच ते खडक म्हणून चालवून घेतं. मलाही तो चालवून घ्यावा लागला. मोठमोठे दगड, मधे फटी, वर शेवाळ आणि त्यावर बर्फाचा पापुद्रा. (१८५९ सालच्या त्या दीपगृहाला २१७ पायऱ्या आहेत. गुडघ्यांची काळजी म्हणून मी त्या टाळल्या होत्या.)

ही बदकं खाण्यासाठी सारखी बुड्या मारतात. जाणकारांची युक्ती अशी, की बदक पाण्याखाली गेलं की पुढे सरकायचं, वर आलं की स्टॅच्यू! स्टॅच्यू मला थंडीमुळे आपोआप जमला. सरकणं जमेना. मी दुसरा पाय कुठे टाकावा हे ठरवेपर्यंत बदक वर येऊन, मला न्याहाळून पुन्हा खाली गेलेलं असे. त्यात लांब शेपटीची लाँग-टेल्ड बदकं आली. ती म्हणे ६० मीटर खोलवर जातात. माझ्याकडे आता अटलांटिक महासागराचे विपुल फोटो आहेत. काहींत शेपटी आहे.

आणि मग बांधाच्या कडेला एक बदक दिसलं. देखणं, निवांत, बुडी न मारणारं. मी पोटावर सरपटत निघालो. जाकिटाची चेन गेली, एक मोजा भिजला, पण बदक जागचं हललं नाही. माझ्या शांत स्वभावाची पाखरांना जाण असते, असं वाटून मन भरून आलं. धडाधड फोटो काढले.

गळ टाकून बसलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी हळूच सांगितलं, की ते प्लॅस्टिकचं आहे. खऱ्या बदकांना भुलवायला शिकारी अशी बदकं पाण्यावर सोडतात. त्यातलंच एक सुटून आलं होतं.

"चला, कोणीतरी भुललं," बायको म्हणाली.

फोटो मात्र अप्रतिम आलाय. सांगलीच्या काकांनी लगेच विचारलं, "इतक्या जवळून? उडालं कसं नाही रे?"

मी लिहिलं, "संयम लागतो, काका."