तुम्हाला कुठलं कोर्ट चालेल?

नाल्याच्या वरच्या अंगाला कारखाना चालवणाऱ्या मालकांस,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची रीत आहे. तुम्हाला तो लिहायला हात उठत नाही.

आमच्या विहिरीवर सकाळी तांबूस साय धरलेली असते. बादली शेंदली की दोर हाताला चिकटतो, आणि पाणी घमेल्यात जरा वेळ ठेवलं की तळाला विटकरी गाळ बसतो. या पाण्यावर वांग्याची रोपं करपली, तेव्हा मी एक बाटली भरली, तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि तालुक्याच्या दिवाणी कोर्टात मनाईहुकमासाठी दावा लावला.

तुमच्या वकिलांनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याचं कलम २९ त्यांनी वाचून दाखवलं : असले वाद दिवाणी न्यायालयाने ऐकायचेच नाहीत. दावा परत आला. पुण्याला न्यायाधिकरणाच्या खंडपीठापुढे गेलो, तर तेच वकील म्हणाले, कलम १४ प्रमाणे सहा महिन्यांत, फार तर वर साठ दिवसांत यायला हवं होतं. त्यातले किती महिने तुम्ही तालुक्यात तारखा मागून खाल्लेत? भरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षं मिळतात, ती मी मागितलीय. पण पैशाने विहीर धुता येत नाही. गाळ थांबावा म्हणून उच्च न्यायालयात गेलो, आणि तिथे तुमचं म्हणणं काय, तर पर्यायी दाद उपलब्ध आहे, न्यायाधिकरणाकडे जा! ज्या दारातून तुम्हीच मला मुदत संपली म्हणून हाकललंत, तेच दार. इतक्या तोंडांनी बोललात, पण नाल्यात काय सोडता ते एकदाही सांगितलं नाहीत.

हा कायदा उच्च न्यायालयाचे अधिकार काढून घेत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. न्यायाधिकरणाला स्वतःहून दखल घेता येते, हेही त्याने २०२१ मध्ये मुंबईच्या कचऱ्याच्या प्रकरणात सांगितलं. म्हणजे लांबची दारं उघडी आहेत. बंद आहे ते एसटीने अर्ध्या तासावरचं.

न्यायाधिकरण मला हवंच आहे. पाण्यातलं विष ओळखणारा तज्ज्ञ तिथे न्यायाधीशाच्या शेजारी बसतो, ही मोठी गोष्ट आहे. पण एवढ्या देशात त्याच्या बसायच्या जागा पाच. २०१७ मध्ये तर गोव्याची प्रकरणं पुण्याहून थेट दिल्लीला न्यायची अधिसूचना निघाली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती रद्द केली म्हणून बरं. विष आजच्या आज थांबवायचा हुकूम जिल्हा न्यायालयालाच देता आला पाहिजे. बारकावे तपासायला तज्ज्ञांनी जिल्ह्याला यावं, विहिरीच्या काठावर उभं राहावं. आणि ‘हे कोर्ट नव्हे’ म्हणणाऱ्याकडून त्याच दिवशी लिहून घ्यावं, मग कुठलं? तिथे गेल्यावर त्याला पुन्हा मुदतीची ढाल पुढे करता येऊ नये.

बाटलीवरच्या चिठ्ठीची शाई आता फिकी पडलीय. झाकण अजून कुठल्याच कोर्टात उघडलेलं नाही. पुढच्या तारखेला वकिलांना एकटं पाठवू नका, स्वतः या. ती मी तुमच्यासमोर उघडणार आहे.

खालच्या अंगाचा शेतकरी