नीरेकाठचे दर्यावर्दी

इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात माजी सैनिकांना तोटा नाही. पायदळातला गडी लांबूनच कळतो: मिशी, कडक इस्त्री आणि बँकेच्या दारात बंदूक घेऊन नोकरी. नेव्हीवाला मात्र क्वचित सापडतो, आणि सापडला की सोडत नाही. वर्षानुवर्षं हजारभर माणसांबरोबर एका जहाजावर जेवलेला, झोपलेला, भांडलेला माणूस. त्याला घरी एकट्यानं ताटावर बसायला सांगणं म्हणजे कोठडीची शिक्षा. आमचे मामा या जातीचे. नात्यानं फक्त माझे मामा, पण वालचंदनगरच्या कॉलनीत, कळंबच्या पारावर आणि लासुर्ण्याच्या फाट्यावर त्यांना दुसरं नाव नव्हतं. एसटीचा कंडक्टरसुद्धा घंटी मारताना विचारायचा, "मामा, उतरताय न्हवं?" मामा उतरत नसत. पलीकडच्या सीटवरच्या पाहुण्याची सोयरीक अर्धवट राहिलेली असे.

नेव्ही म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पांढराशुभ्र पोशाख, डेक आणि खारा वारा येतो. मामांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं. ते स्टोकर. त्यांची जागा बॉयलर रूममध्ये, समुद्राच्या पातळीच्याही खाली. अंगावर निळा डांगरी सूट, कानात मशीनची घरघर आणि घामाच्या धारा. १९७१च्या युद्धात ते 'विक्रांत'वर होते. जहाजाच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला. म्हणून वेग कमी करून, तिघांच्या भरवशावर ती बोट बंगालच्या उपसागरात नेली होती. ४ डिसेंबरपासून तिच्यावरची विमानं कॉक्स बझार आणि चितगाववर जाऊन बाँब टाकू लागली. एवढा इतिहास ज्याच्या डोक्यावर, अगदी शब्दशः डोक्यावर घडला, त्याला आम्ही पोरं विचारायचो, "मामा, युद्ध कसं दिसतं?"

"दिसतंय कुठलं? ऐकलं. वर धडाड झालं की समजायचं, एक इमान गेलं."

पण लगेच छाती पुढं. विमान धावपट्टीवरून फेकणाऱ्या कॅटापुल्टला वाफ लागते आणि वाफ कुठून येते? बॉयलरमधून. "इमान उडवलं वरच्यांनी, पर वाफ आमची." बांगलादेश मामांच्या मते वाफेवर स्वतंत्र झाला होता. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं, की शाळेत इतिहासाच्या पेपरात मी तसं लिहिलं आणि गुरुजींनी अर्धा गुण दिला. गुरुजीही मामांच्या चहाचे मिंधे होते.

पंधरा वर्षांच्या नोकरीत मामांनी समुद्र बघितला तो बहुतेक सुट्टीवर निघताना, गोदीच्या फाटकातून मागं वळून. त्यांच्या पुढच्या आयुष्याची गुरुकिल्ली मला वाटतं इथंच आहे. पेन्शन घेऊन गावी आले आणि साखर कारखान्यात नोकरी लागली, ती परत बॉयलरवरच. तिकडं भट्टीत तेल जळायचं, इकडं बगॅस, एवढाच फरक. शिफ्ट संपल्याचा भोंगा झाला की मात्र हा माणूस छपराखाली थांबत नसे. जेवण अंगणात, दाढी लिंबाखाली, झोप बाजेवर चांदण्यात. मामी म्हणायच्या, "घराला कर्ज काढून स्लॅब टाकला, त्यो कुणासाठी? मांजरासाठी?"

गळितात पट्टा पडेपर्यंत मामांना रजा नसायची, तरी आठवड्याची सुट्टी म्हणजे मोहीम. कधी कडबनवाडीच्या माळावर चिंकारा बघायला, कधी भिगवणला. थंडीत उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले की मामांना घरात चैन पडायचं नाही. ते एकटे कधीच जात नसत. वाटेत भेटेल त्याला उचलत. एकदा दूध घालायला निघालेला माणूस किटलीसकट कुंभारगावच्या काठावर पोचला होता. गळ्यात दुर्बीण असायची. ती सिंगापूरची, असं मामा सांगत. चोरबाजारातली, असं मामी सांगत. तिच्या एका डोळ्यातून काहीच दिसत नव्हतं, पण ती पुढच्या माणसाकडं देताना मामा त्याचा तोच डोळा मिटायला लावत, त्यामुळं कुणाच्या लक्षात यायचं नाही.

तिथल्या कोळ्याच्या होडीत बसले की मामांचा नूर बदले. "पोर्टला घे! आता स्टारबोर्डला!" कोळी बिचारा उजनी भरली तेव्हापासून त्या पाण्यावर पोट भरणारा. तो बिडी ओढत आपल्या मनानं होडी न्यायचा. वारा वाढला की नेव्हीचा हा जवान पांढराफटक पडून होडीच्या काठाला घट्ट धरे. "खाली बॉयलरपाशी बोट हलल्यालं कळत न्हाई," हा त्यांचा खुलासा. काठावर चिलापीचं कालवण पोटात गेलं की लाटांची उंची दर घासाला वाढत जाई.

आषाढीच्या वारीत तुकोबांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण बेलवाडीला होतं. मामा तिथं हौसेनं गर्दी आवरायला उभे असत, कुणी सांगितलेलं नसताना. आणि ४ डिसेंबरला, नौदल दिनाला, मळ्यात जेवण. कोंबडं मामांचं, कँटीनच्या कोट्यातली रम मामांची, भाकरी शेजारपाजारच्या. आमंत्रण कुणालाच नाही, त्यामुळं सगळेच येत.

या जेवणाचा एक ठरलेला कार्यक्रम होता. मामा उभे राहून सिद्ध करीत, की वालचंदनगर हे मुळात बंदर आहे. पुरावे पाठ होते. हे गाव वसवलं कुणी? वालचंद हिराचंदांनी. आणि शेठजी कोण? आगबोटवाले! सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून लंडनला निघाली, तोच दिवस देश राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. विशाखापट्टणमची गोदी त्यांनी उभारली, तिथलं 'जलउषा' जहाज १९४८मध्ये नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. आणि आज युद्धनौकांचे गिअरबॉक्स कुठं बनतात? मामा हात लांब करून कारखान्याच्या चिमणीकडं दाखवीत. "मग? फकस्त पाणी कमी पडलंय."

समोर मामांचे जिवलग बसलेले असत, कारखान्याचे निवृत्त पॅनमन. आयुष्यभर साखरेचा दाणा कधी पडतो त्याकडं टक लावून बसल्यामुळं त्यांच्यात एक थंडपणा आला होता. ते भाकरी मोडत म्हणत, "नेव्ही, शेठजींनी बंगलोरला इमानाचा कारखानाबी काढला. मंग हितं इमानतळ हाय का? प्रीमियरच्या मोटारीबी काढल्या. मंग लासुर्ण्याचा फाटा म्हंजी काय मुंबई म्हणायची?" मामा रागानं लाल होत. मग दोघं एकाच सायकलीवरून घरी जात, पॅनमन पायडल मारत आणि मामा मागच्या कॅरिअरवर बसून वाद पुढं चालवत.

मामा गेले ते उन्हाळ्यात, अंगणातल्या बाजेवरच. दहाव्याला नीरेच्या काठावर इतकी माणसं जमली, की पलीकडच्या गावाला वाटलं जत्रा आहे. पिंड मांडला. शेजारी चिलापीचा तुकडा आणि औषधाच्या बाटलीचं एक झाकण भरून रम ठेवली. कावळा काही शिवेना. बाभळीवर बसून मान तिरकी करून बघत राहिला. मुलानं सांगितलं, आईला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. मी सांगितलं, ४ डिसेंबरचं जेवण बंद पडणार नाही. दूधवाल्यानं सांगितलं, दुर्बीण भंगारात जाणार नाही. ऊन वर चढत चाललं, भटजी घड्याळ बघायला लागले, बायका दर्भाचा कावळा करा म्हणायला लागल्या.

शेवटी पॅनमन उठले. धोतराचा सोगा सावरत पिंडापुढं आले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नेव्ही, वालचंदनगर बंदर हाय. कबूल."

कावळा आला. त्यानं आधी चिलापी उचलली, मग भाताला चोच लावली.

परतताना मी पॅनमनना म्हटलं, "काका, मोठं मन केलंत."

"मन कसलं? ऊन किती झालंतं बघितलं का?" ते टोपी झटकत म्हणाले. "आन् कावळ्यापुढं बोल्ल्यालं कोर्टात चालत न्हाई. चार डिसेंबरला बगू."